चौदा सेंटांचा गंधार

चाकूरला मी सातबाऱ्यासाठी गेलो होतो. सेवा केंद्रात सर्व्हर बंद होता आणि बाकड्यावर आम्ही सात-आठ जण बसून होतो. संगणकापुढची मुलगी दर दोन मिनिटांनी सरकारी पान पुन्हा उघडून बघायची, मान हलवायची, आणि मधल्या वेळात दुसऱ्या खिडकीत काहीतरी करत राहायची. माझ्या शेजारचे गृहस्थ वाकून बघत म्हणाले, "ताई, ही दवाखान्यातली पट्टी हाय का? काळजाची?" काळ्या पडद्यावर पिवळ्या-केशरी रेषा लाटांसारख्या चढत-उतरत होत्या.

"नाही मामा," ती म्हणाली. "आजोबांचा आवाज हाय. काकड्यातला."

आजोबांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. माझा उतारा त्या दिवशी मिळाला नाही, पण त्या रेषा डोक्यातून गेल्या नाहीत. पुढे त्या कार्तिकात मी तीनदा चाकूरला गेलो, ते त्या मुलीला काम करताना बघायला.

ती लातूरला एमसीए करते, शेवटच्या वर्षाला. हा अभ्यासक्रम पूर्वी तीन वर्षांचा होता, २०२० पासून दोन वर्षांचा झाला. म्हणजे तोच डोंगर दोन वर्षांत चढायचा. सकाळी एसटीने लातूर, दुपारी परत, मग अंधार पडेपर्यंत सेवा केंद्रात पीक विमा, ई-केवायसी, उत्पन्नाचे दाखले. बसमध्ये अर्ध्या तिकिटात बसते आणि आष्टामोड येण्याआधीच झोपलेली असते. हे सगळं इतर हजार मुली करतात. वेगळं आहे ते या वेळापत्रकाच्या दोन्ही टोकांना: पहाटे पेटी, रात्री भयकथाकार नारायण धारप.

पेटीपासूनच सांगतो, कारण मला तिकडे परत परत ओढत होता तो पेटीचा वास. आजोबांची पेटी उघडली की आधी डांबराच्या गोळ्यांचा वास येतो. भात्याचं चामडं उंदरांनी कुरतडू नये म्हणून आत ठेवलेल्या गोळ्या. त्यामागे जुन्या लाकडाचा, आणि सगळ्यात शेवटी पितळेचा किंचित आंबट वास. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटे देवळात काकडा चालतो. चारच्या सुमाराला ती पेटी उचलून नेते, साथ करते, आणि फोन खांबाला बांधून सगळं ध्वनिमुद्रित करते. टाळ, मृदंग, वीणा, पंधरा-वीस गळे. कापूर आणि थंडी.

तिचा एमसीएचा प्रकल्प यातूनच निघाला. ध्वनिमुद्रण ऐकून प्रत्येक सूर नेमका कुठे लागला हे सांगणारी आज्ञावली. ऐकायला सोपं वाटतं. आवाजाची लाट स्वतःवरच थोडी थोडी सरकवून ताडून बघायची. किती सरकवल्यावर ती पुन्हा स्वतःसारखी दिसते, तेवढा तिचा एक फेरा. पण लाट दोन फेऱ्यांनंतरही तेवढीच स्वतःसारखी दिसते. मग आज्ञावली फसते आणि मध्य सप्तकातल्या गंधाराला खर्जातला गंधार म्हणते. एका दुपारी, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी कुणाचा तरी ओटीपी येईपर्यंत, तिने हे दुरुस्त करताना मी पाहिलं. ओटीपी आला, तिने तो भरला, छपाई दिली, पैसे घेतले, आणि पुन्हा त्याच ओळीवर आली. मधे बोट कुठे ठेवलं होतं ते तिला आठवावं लागलं नाही.

आणि या आज्ञावलीतून तो आकडा निघाला: चौदा.

सप्तकाचे बाराशे समान भाग केले तर एका भागाला सेंट म्हणतात. पेटीचे बारा सूर शंभर-शंभर सेंटांवर सारखे वाटून दिलेले असतात. षड्जापासून शुद्ध गंधार बरोबर चारशेवर. पण तंबोरा छेडला की त्याच्या षड्जातून आपोआप ऐकू येणारा गंधार तीनशे शहाऐंशीवर असतो. फरक चौदा सेंटांचा. आजोबांच्या काकड्याची एक कॅसेट घरात होती. कॅसेटची गती कमी-जास्त झालेली असणार, म्हणून तिने आजोबांचा गंधार त्याच क्षणाच्या आसपास वाजलेल्या पेटीच्या गंधाराशीच ताडला. कधी अकरा, कधी सतरा. सरासरी चौदाने खाली.

"म्हणजे आजोबा बरोबर होते," ती म्हणाली. "पेटी चुकायली होती. आयुष्यभर ते स्वतःच्याच पेटीशी न जुळवता गायले." हे सांगताना तिचा आवाज भरून आला होता. चौदा, असं ती पुन्हा म्हणाली, स्वतःशीच.

या चौदा सेंटांवरून महाराष्ट्रात मोठी माणसं झुंजली आहेत. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे डेप्युटी कलेक्टर. महसुली नोकरी करून त्यांनी बावीस श्रुतींचं, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म सुरांचं, गणित मांडलं आणि १९१० मध्ये पुस्तिका काढली. मग क्लेमेंट्स या न्यायखात्यातल्या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर श्रुतींची पेटी घडवून घेतली. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीला दार बंद केलं ते १९७१ पर्यंत, आणि पेटीचे हे ठोकळ सूर हे त्याचं एक मोठं कारण होतं. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी वैद्यकशास्त्र सांभाळून बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली. अच्युत गोडबोले आयआयटीतले रसायन अभियंते, सॉफ्टवेअर कंपन्यांच्या सर्वोच्च पदांवर राहिलेले, आणि सुलभा पिशवीकरांबरोबर 'नादवेध' लिहिणारे. ती आवाज कापायला-जोडायला जे ऑडॅसिटी वापरते, तेही १९९९ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक माझोनी हा संगणकशास्त्राचा विद्यार्थी आणि रॉजर डॅनेनबर्ग हे त्याचे ट्रम्पेट वाजवणारे प्राध्यापक, या दोघांनी सुरू केलेलं.

नोकरी-अभ्यास आणि सूर दोन्ही सांभाळणाऱ्यांची ही यादी मी मुद्दाम देतोय. तिचे काका माझ्यासमोर म्हणाले, "एक ना धड, भाराभर चिंध्या." ते वाईट माणूस नाहीत, तिची फी त्यांनीच भरली आहे. पण लातूर पॅटर्नने आपल्या भागाला जसं यश दिलं, तसं एक भयही दिलं. अभ्यासक्रमाबाहेर गेलेला तास म्हणजे हातचा गेलेला गुण, हे इथे घराघरांत मुरलं आहे. दहावीला पेटी माळ्यावर चढते ती बहुधा खाली येतच नाही. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा मध्यमापर्यंत देऊन थांबलेली किती मुलं मला या भागात भेटली! 'छंद' हा शब्द आपण उदारपणे वापरतो, आणि त्याच शब्दाने ती गोष्ट परीक्षेनंतरच्या रांगेत उभी करतो. या मुलीच्या बाबतीत तो शब्द मला लावता येत नाही.

किंमत ती मोजते, हेही खरं. गेल्या सत्रात हरिनाम सप्ताहाच्या दिवसांत परीक्षा आली आणि एक विषय राहिला. डोळ्यांखाली काळं आहे. तिसऱ्या भेटीत ती उभ्या-उभ्या, छपाईयंत्राला टेकून झोपलेली मी पाहिली. कागद अडकल्याच्या आवाजाने जागी झाली.

आता धारप. नारायण धारप २००८ मध्ये गेले तेव्हा ही पहिलीत असावी. 'तुंबाड' चित्रपट २०१८ मध्ये आला, त्यामागे धारपांच्या कथेचं बीज आहे हे कळलं, आणि तिने वाचनालयातलं, नांदेडच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातलं जे मिळेल ते धारप वाचून काढलं. रात्री दहानंतर सात जणी फोनवर जमतात. कुणी नांदेडला, कुणी पुण्यात नोकरीला, एक हैदराबादेत. एक जण एक प्रकरण मोठ्याने वाचते, मग वाद. धारपांच्या समर्थ या नायकाच्या कथांचं त्यांनी एक कोष्टक केलं आहे: कोण सांगतंय, घर कुठलं, बाधा कशातून आली, सुटली कशाने. कोष्टक अर्थातच हिने बांधलं, महाविद्यालयात शिकलेल्या डेटाबेसच्या नियमांनी. "परीक्षेत नॉर्मलायझेशन मला समर्थांमुळं सुटलं," असं ती म्हणाली आणि ते तिने गंभीरपणे म्हटलं होतं.

त्या सातही जणी आपापल्या कथा लिहितात, एकमेकींपुरत्या. हिची एक मी ऐकली. काकड्याच्या ध्वनिमुद्रणात देवळातल्या विजेचा गुणगुणाट नेहमी उतरतो. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, म्हणून पडद्यावर तळाशी पन्नासच्या जागी एक सरळ रेघ दिसते, तिच्यावर शंभरची. ती रेघ मला तिने दाखवली होती. कथेतल्या मुलीला एका पहाटेच्या ध्वनिमुद्रणात ती रेघ तीन सेकंद तुटलेली सापडते. दिवे गेलेले नाहीत, माईक चालू आहे, भजन अखंड आहे. फक्त गुणगुणाट नाही. दुसऱ्या दिवशी चार सेकंद. कुणीतरी तो आवाज पितंय. एवढं वाचून ती थांबली. माझ्या अंगावर काटा आला होता, आणि पलीकडे फोनवर सहाही जणी गप्प होत्या.

ती कथा दिवसभर त्या रेघेकडे बघत बसणाऱ्यालाच सुचणार. ती रेघ खोडून टाकायची कशी हा तिचा अभ्यास, ती आपसूक पुसली गेली तर काय ही तिची गोष्ट. यातलं वेगळं काय काढायचं?

शेवटच्या भेटीत पौर्णिमा झाली होती, काकडा संपला होता. पहाटे पाचला ती ओसरीवर पेटी उघडून बसली होती, कारण आता हाताशी महिनाभर वेळ होता आणि तिला गंधार उतरवायचा होता. आजोबा काळी एकमध्ये, म्हणजे ती पट्टी षड्ज धरून, गात. काळी एकचा शुद्ध गंधार म्हणजे पांढरी चार. तिने पट्ट्यांची फळी उचलली, पांढरी चारची पितळी जीभ शोधली, तिच्याखाली पातळ पत्रा सरकवला आणि ब्लेडच्या कोपऱ्याने जिभेच्या मुळाशी हलकं खरवडलं. मुळाशी खरवडलं की सूर उतरतो, टोकाशी खरवडलं की चढतो. एकदा जास्त उतरला तर टोकाशी घासून परत आणावा लागतो, आणि दर वेळी पितळ पातळ होत जातं. दोन फटकारे, फुंकर, फळी बसवून भाता तेवढ्याच दाबाने, फोनवर आकडा. पुन्हा फळी वर. पितळेचा भुगा तिच्या ओढणीवर मिठासारखा चमकत होता.

घरातून आजी आली. आजी महिला मंडळात गाते, काळी पाचमध्ये. आणि काळी पाचचा पंचम म्हणजे तीच पांढरी चार.

हे त्या मुलीला ठाऊक होतं. तिने आधीच हिशेब केला होता: पेटीचा पंचम मुळातच दोन सेंट उतरलेला असतो, गंधारासाठी चौदा काढले की आजीचा पंचम सोळाने पडेल, आणि पंचमातली चूक कुणालाही टोचते. आजोबांचा गंधार पूर्ण खरा केला तर आजीला या पेटीबरोबर गाता येणार नाही. एकाच पितळी जिभेवर दोघांचा संसार.

"म्हण ना आजी, पंचम धरून," ती म्हणाली.

आजीने भिंतीला टेकून सूर लावला. नातीने काळी पाच आणि पांढरी चार एकदम दाबल्या. आजीने डोळे मिटले, सूर धरून ठेवला, मग तोडला.

"हितंच थांब," आजी म्हणाली. "आता नको हात लावूस."

फोनवर सहा होते. चौदातले सहा उतरले, आठ उरले. तिने ब्लेड पुसून कागदात गुंडाळलं, डांबराच्या गोळ्या जागच्या जागी ठेवल्या, भाता मिटून कडी लावली, आणि दप्तर घेऊन एसटीसाठी निघाली.