एक सूत्र, दोन लूप आणि दोन लाख ठिपके

नवा क्ष = आर × क्ष × (१ − क्ष).

एवढंच. दोन गुणाकार आणि एक वजाबाकी. शाळकरी मुलालाही जमेल असं हे सूत्र. पण यातला ‘आर’ थोडाथोडा वाढवत न्या, प्रत्येक वेळी मिळणारे क्ष ॲरेमध्ये भरत चला आणि शेवटी त्यांचा आलेख काढा. पडद्यावर जे उमटतं, त्याने पन्नास वर्षांपूर्वी भल्याभल्या गणितज्ञांना खिळवून ठेवलं होतं.

हा क्ष म्हणजे, समजा, एखाद्या शिवारातली किड्यांची संख्या. शिवारात जास्तीत जास्त मावतील तेवढ्या किड्यांचा हिस्सा, म्हणून तो ० ते १ च्या मध्ये. आर म्हणजे वाढीचा जोर. किडे वाढले की खाणं कमी पडतं, ते काम (१ − क्ष) करतो. आता आर = २ धरा आणि ०.१ पासून निघा: ०.१८, ०.२९५२, ०.४१६१, ०.४८५९... आणि गाडी ०.५ वर येऊन थांबते. आर ३.२ केला की एका जागी थांबणंच संपतं. एका वर्षी ०.५१३, पुढच्या वर्षी ०.७९९, पुन्हा ०.५१३. आर ३.५ ला चार आकड्यांचं चक्र: ०.८७५, ०.३८३, ०.८२७, ०.५०१. आणि ३.९ ला? कुठलाही आकडा पुन्हा येत नाही. सूत्र तेच, नशिबाचा त्यात काडीचा संबंध नाही, तरी आकडे वाट्टेल तसे उड्या मारतात.

आलेखाची कृती

बाहेरचा लूप आरसाठी: २.५ ते ४, हजार मूल्यं. आतला लूप फेऱ्यांसाठी: प्रत्येक आरला हजार फेऱ्या. त्यातल्या पहिल्या आठशे टाकून द्यायच्या, कारण तोवर क्ष अजून आपली जागा शोधत असतो. उरलेल्या दोनशे ॲरेत ठेवायच्या. आडव्या अक्षावर आर, उभ्या अक्षावर क्ष. एकूण दहा लाख फेऱ्या, दोन लाख ठिपके. आजच्या साध्या लॅपटॉपला हे काम चुटकीसरशी होतं.

पायथन आणि त्यातली नमपाय ही लायब्ररी वापरत असाल तर बाहेरचा लूप लिहूच नका. हजार आर एकाच ॲरेत ठेवा, हजार क्ष दुसऱ्या ॲरेत आणि दोन ॲरेंचा थेट गुणाकार करा. मग एकच लूप उरतो, फेऱ्यांचा. फेऱ्यांचा लूप मात्र कुणालाच चुकत नाही: पुढचा क्ष मागच्यावरून निघतो, त्यामुळे शंभरावी फेरी नव्याण्णवावीच्या आधी करता येणं शक्य नाही.

सुरुवात ०.५ पासून नको

आर = ४ ला ०.५ टाका. पुढचा क्ष १, त्याच्या पुढचा ०, आणि मग सगळा ॲरे शून्यांनी भरलेला. ०.७५ टाकला तर आणखी गंमत: ४ × ०.७५ × ०.२५ म्हणजे पुन्हा ०.७५, आणि तो तिथून हलतच नाही. चित्र काढताना ०.१ किंवा ०.३ सारखं काहीतरी घ्या.

पंचवीस फेऱ्यांत परके

आर = ४ ठेवून दोन ॲरे भरा. एकाची सुरुवात ०.२, दुसऱ्याची ०.२०००००१. पहिल्या काही फेऱ्या दोन्ही रेषा एकमेकींवर तंतोतंत बसतात. पण प्रत्येक फेरीला फरक सरासरीने दुप्पट होत असतो आणि पंचविसाव्या फेरीच्या आसपास दोघींचा काहीही संबंध उरत नाही.

याहूनही चकित करणारी गोष्ट म्हणजे सुरुवात अगदी सारखी ठेवली तरी हेच घडतं. एकदा आर × क्ष × (१ − क्ष) असं लिहा आणि एकदा कंस सोडवून आर × क्ष − आर × क्ष × क्ष असं. बीजगणितात दोन्ही एकच. संगणक मात्र पंधरा-सोळा अंकांच्या पुढचं कापतो, दोन्ही ठिकाणी थोडं वेगळं कापतो, आणि पन्नास-साठ फेऱ्यांनंतर एकाच सूत्राचे दोन आलेख दोन दिशांना जातात.

एडवर्ड लॉरेन्झ यांना हेच १९६१ मध्ये एमआयटीत दिसलं. रॉयल मॅकबी एलजीपी-३० या यंत्रावर हवामानाची समीकरणं चालली होती. यंत्राच्या पोटात ०.५०६१२७ होतं, छापील कागदावर ०.५०६. कागदावरचा आकडा घालून गणित पुन्हा सुरू केलं आणि काही काळाने सगळं हवामानच बदललं. या कामात ज्यांनी प्रोग्रॅम लिहिले त्यांची नावं लक्षात ठेवण्याजोगी आहेत: मार्गारेट हॅमिल्टन, ज्यांनी पुढे अपोलो यानांच्या सॉफ्टवेअरचं नेतृत्व केलं, आणि त्यांच्यानंतर आलेल्या एलेन फेटर. लॉरेन्झ यांच्या १९६३ च्या गाजलेल्या निबंधात आकडेमोडीसाठी आणि आलेखांसाठी फेटर यांचे आभार मानलेले आहेत. मला वाटतं, ते नाव निबंधाच्या शेवटी नव्हे, वर लेखकांमध्ये असायला हवं होतं.

मंद कॅल्क्युलेटरची कृपा

या सूत्रात आर वाढवत नेताना ठरावीक जागी चक्र बदलतं. ३ ला एकाचे दोन होतात. ३.४४९४९ ला दोनाचे चार, ३.५४४०९ ला आठ, ३.५६४४१ ला सोळा, ३.५६८७६ ला बत्तीस. टप्पे झपाट्याने जवळ येत जातात आणि ३.५६९९५ च्या आसपास दुपटीचा हा खेळ संपून केऑस, म्हणजे ३.९ ला दिसलेला गोंधळ, सुरू होतो.

१९७५ मध्ये लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत भौतिकशास्त्रज्ञ मिचेल फायगेनबाउम हे टप्पे शोधत होते. हाताशी होता एचपी-६५ कॅल्क्युलेटर, ज्यात प्रोग्रॅमच्या जेमतेम शंभर पायऱ्या मावत. यंत्र इतकं सावकाश चालायचं की पुढचा टप्पा कुठे असेल याचा आधी अंदाज बांधणं भाग होतं. अंदाज बांधता बांधताच त्यांच्या लक्षात आलं की टप्प्यांमधली अंतरं एका ठरावीक प्रमाणात घटताहेत. वरचेच आकडे घेऊन तुम्ही पडताळून पाहा. पहिलं अंतर भागिले दुसरं: ४.७५. दुसरं भागिले तिसरं: ४.६६. तिसरं भागिले चौथं: ४.६७. हे प्रमाण शेवटी ४.६६९२०१६ या संख्येवर स्थिरावतं.

मग त्यांनी सूत्रच बदललं आणि साइनचं एक सूत्र घेतलं. टप्पे वेगळ्या जागी आले, पण प्रमाण तेच, ४.६६९! सूत्र कोणतंही असो. आलेखात मधोमध एक गुळगुळीत टेकडी असली की दुपटीची वाट याच संख्येतून जाते. पुढे पॅरिसमध्ये आल्बेर लिबशाबेर यांनी एका चिमुकल्या डबीत द्रव हेलियम खालून तापवला आणि त्याच्या आंदोलनांमध्ये हीच दुपटीची चाल सापडली. १९८६ चं भौतिकशास्त्राचं वुल्फ पारितोषिक या दोघांना मिळून देण्यात आलं.

लुकडी रेघ, जाड रेघ

आलेखात आर = ३ पाशी रेघ जाड दिसते का? प्रोग्रॅममध्ये चूक नाही. नेमक्या ३ वर क्षचा मुक्काम ०.६६६७ हाच असतो, पण तिथे पोचायला तो भयंकर वेळ घेतो. हजार फेऱ्या झाल्या तरी तो मुक्कामाच्या सुमारे ०.००७५ वर-खाली हेलकावत असतो.

ॲरे भरण्याचे जुने उस्ताद

मागच्या आकड्यावरून पुढचा काढण्याची रीत संगणकाहून जुनी आहे. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास ‘ज्या’ची, म्हणजे साइनची, कोष्टकं दिली, ती थेट मूल्यांत नव्हे, फरकांत: २२५, २२४, २२२, २१९, २१५... असे चोवीस आकडे, एकाच श्लोकात. बेरीज करत जा आणि ॲरे भरतो: २२५, ४४९, ६७१, ८९०... शेवटी ३४३८. आठवी जागा ३० अंशांची, तिथे येतात १७१९, म्हणजे ३४३८ च्या बरोबर निम्मे.

आणि आपल्या देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, पुन्हा तेच. १२३४ वरून ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. तिथून पुढे कायम ६१७४. मधे शून्य आलं तर त्याला अंक म्हणून जागा द्यायची. १००० ते ९९९९ मधल्या अशा ८,९९१ संख्यांचा ॲरे करून प्रत्येकीला किती फेऱ्या लागतात ते मोजा: सातच्या वर एकही जात नाही. संगणक घराघरांत यायच्या कितीतरी आधी हे त्यांनी कागदावर शोधलं.

छोटे खड्डे

नमपायमध्ये १ पासून १.३ पर्यंत ०.१ च्या पावलाने ‘अरेंज’ (arange) फिरवा. शेवटचं टोक धरायचं नाही असा नियम, म्हणून तीन आकडे यायला हवेत. येतात चार, कारण ०.१ संगणकाला नेमका ठेवता येत नाही. आरचा ॲरे करताना ‘लिनस्पेस’ वापरा, त्यात किती आकडे हवेत ते आपणच सांगतो.

दुसरा खड्डा वेळखाऊ. नमपायच्या ॲरेला लूपमध्ये एकेक आकडा जोडत गेलात तर दर वेळी सगळा ॲरे नव्याने लिहिला जातो. दहा हजार आकड्यांसाठी जवळपास पाच कोटी नकला! आधीच रिकाम्या जागांचा ॲरे बनवून ठेवा आणि एकेक खण भरा.

तीनची खिडकी

केऑसच्या गर्दीत ३.८२८४ पाशी अचानक मोकळी पांढरी पट्टी दिसते. तिथे क्ष फक्त तीन आकड्यांत फिरतो. १९७५ मध्ये गणितज्ञ ली आणि यॉर्क यांनी सिद्ध केलं की ज्या अखंड नियमात तिनाचं चक्र असतं, त्यात प्रत्येक लांबीचं चक्र कुठे ना कुठे असतंच. ‘केऑस’ हा शब्द या अर्थाने गणितात त्याच निबंधाने रुजवला. चक्रांच्या क्रमाचा याहून व्यापक सिद्धान्त युक्रेनच्या शार्कोव्स्की यांनी १९६४ मध्येच मांडला होता, पण पश्चिमेत तो फारसा कुणी वाचला नव्हता. रॉबर्ट मे यांनी १९७६ मध्ये ‘नेचर’मध्ये या सूत्रावर लेख लिहिला आणि आग्रह धरला की विद्यार्थ्यांच्या हाती ते लवकर द्यावं, कॅल्क्युलेटरवर खेळू द्यावं. हा आग्रह मला आजही तितकाच खरा वाटतो.

ती खिडकी जवळून बघायची तर आर ३.८२८ ते ३.८५७ घ्या, उभा अक्ष ०.४४ ते ०.५६ ठेवा आणि हजार मूल्यांचा लूप पुन्हा फिरवा. मधल्या फांदीत पूर्ण आलेखाची चिमुकली प्रत दिसेल, उलटी टांगलेली: एकाचे दोन, दोनाचे चार, मग गर्दी, आणि त्या गर्दीत पुन्हा तिनाची खिडकी. तिच्यातल्या टप्प्यांची अंतरं मोजलीत तर प्रमाण तिथेही ४.६६९ कडेच जातं.