तेल अडवणारी पेटी

खरकट्या भांड्यांवरचं तूप-तेल गरम पाण्याबरोबर सिंकमधून निघून जातं खरं, पण पुढे पाइपात गार पडून थिजतं. ग्रीस ट्रॅप ते आधीच अडवतो. या पेटीत पाण्याचा वेग मंदावतो. हलकं तेल वर तरंगतं, शितं तळाशी बसतात आणि मधलं पाणी पुढे जातं. तेलाचा थर वेळच्या वेळी काढला नाही, तर पेटी असून नसल्यासारखीच. उकळतं पाणी ओतण्याचा लाडका उपाय तुंबा फक्त पुढे ढकलतो. २०१७ साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या गटारात चरबी आणि ओल्या वाइप्सचा सुमारे १३० टनांचा, २५० मीटर लांब लगदा सापडला होता. तेव्हा तळणीचं तेल सिंकमध्ये ओतू नका. कढई धुण्याआधी कागदाने पुसून घ्या.