क्वेसारच्या झगमगाटामागची दीर्घिका कशी शोधली?

रात्री घाटात समोरून एखादी गाडी हाय बीम टाकून येते तेव्हा आपल्याला फक्त दिवे दिसतात. ट्रक आहे, टेम्पो आहे की एसटी, काही कळत नाही. मग आपण नकळत हात वर करून दिव्यांवर आडोसा धरतो आणि बाकीची गाडी हळूहळू दिसायला लागते. खगोलशास्त्रज्ञांना एका क्वेसारच्या बाबतीत नेमकं हेच करायचं होतं. त्यात त्यांची तीस-पस्तीस वर्षं गेली.

त्या क्वेसारचं नाव 3सी 273. म्हणजे केंब्रिजच्या रेडिओ स्रोतांच्या तिसऱ्या यादीतला 273 वा. नाव अगदीच रुक्ष आहे, डेटाबेसमधल्या आयडीसारखं, पण गोष्ट भारी आहे. तो कन्या राशीत आहे, आपल्यापासून सुमारे 250 कोटी प्रकाशवर्षांवर. आता याला ‘जवळचा’ क्वेसार म्हणतात हे वाचून हसू येईल, पण बहुतेक क्वेसार याच्याही कितीतरी पलीकडे आहेत.

1960 च्या सुरुवातीला अडचण अशी होती की रेडिओ दुर्बिणींना आकाशात स्रोत सापडायचे, पण त्यांची जागा नीट कळायची नाही. तेवढ्या भागात साध्या दुर्बिणीतून डझनभर तारे दिसायचे. त्यातला नेमका कोणता? सिरिल हझार्ड यांनी यावर चंद्र वापरला. 1962 मध्ये चंद्र 3सी 273 च्या समोरून जाणार होता. चंद्राची कड कोणत्या क्षणी कुठे असते हे आपल्याला अचूक माहीत असतं. त्यामुळे रेडिओ सिग्नल कधी गायब झाला आणि कधी परत आला याची वेळ घेतली की जागा मिळते. म्हणजे टाइमस्टॅम्पवरून लोकेशन काढायचं. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीने हे काम केलं. स्रोत एक नसून दोन आहेत हेही कळलं, एकमेकांपासून साधारण 20 आर्कसेकंदांवर. एक होता ताऱ्यासारखा ठिपका आणि दुसरा त्याच्यातून निघालेल्या एका बारीक झोताच्या टोकाशी.

(इथे आपल्याकडचा एक धागा आहे. हझार्ड यांचं हे काम वाचूनच गोविंद स्वरूप यांना उटीच्या रेडिओ दुर्बिणीची कल्पना सुचली. 530 मीटर लांबीची ही दुर्बीण अशी पिधानं टिपण्यासाठीच डोंगराच्या उतारावर बांधली गेली. आज तिचं काम पुण्याच्या एनसीआरए या संस्थेकडून चालतं.)

जागा कळल्यावर मार्टिन श्मिट यांनी अमेरिकेतल्या पालोमारच्या 5 मीटरच्या दुर्बिणीतून त्या ‘ताऱ्याचा’ वर्णपट घेतला. त्यातल्या रेषा कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेनात. फेब्रुवारी 1963 मध्ये त्यांच्या लक्षात आलं की या साध्या हायड्रोजनच्याच रेषा आहेत, फक्त जवळपास 16 टक्क्यांनी लाल रंगाकडे सरकलेल्या. विश्वाच्या प्रसरणामुळे हे होत असेल तर वस्तू अब्जावधी प्रकाशवर्षं दूर असणार. आणि इतक्या दुरून ती 13 व्या प्रतीच्या ताऱ्याएवढी दिसत असेल, तर तिचा खरा प्रकाश सुमारे 4 लाख कोटी सूर्यांएवढा असला पाहिजे. वेगळ्या शब्दांत सांगायचं तर 3सी 273 आणून 33 प्रकाशवर्षांवर ठेवला, तर तो आकाशात आपल्या सूर्याइतका तेजस्वी दिसेल. शिवाय त्याचा प्रकाश काही महिन्यांत कमीजास्त होतो, म्हणजे हे सगळं फार छोट्या जागेतून येतंय.

हे सगळ्यांना पटलं नाही, आणि न पटणारी माणसं साधीसुधी नव्हती. फ्रेड हॉइल, जेफ्री बर्बिज, हॉल्टन आर्प आणि आपले जयंत नारळीकर यांनी वर्षानुवर्षं विचारलं की रेषा सरकण्याचं कारण दरवेळी अंतरच असेल हे कशावरून? मला हा प्रश्न अगदी रास्त वाटतो. सगळा हिशोब एकाच आकड्यावर उभा असेल तर तो आकडा दुसऱ्या कुठल्या तरी मार्गाने तपासायलाच हवा.

दुसरा मार्ग म्हणजे दीर्घिका. क्वेसार जर दीर्घिकेच्या मधोमध बसलेलं, वायू गिळणारं महाकाय कृष्णविवर असेल, तर त्याच्याभोवती ताऱ्यांची दीर्घिका दिसली पाहिजे, तीही त्याच अंतरावर. दिसली नाही, तर आपलं मॉडेलच गडबडलं.

आणि ती दिसत नव्हती. पृथ्वीच्या वातावरणामुळे कुठलाही ठिपका साधारण एक आर्कसेकंद पसरतो. 3सी 273 च्या अंतरावर एक आर्कसेकंद म्हणजे सुमारे 9,000 प्रकाशवर्षं. दीर्घिकेचा सगळ्यात उजळ भाग त्या पसरलेल्या चकाकीखालीच गाडला जातो. 1982 मध्ये टॉड बोरोसन आणि बेव्हर्ली ओक यांनी 3सी 48 या दुसऱ्या क्वेसारभोवतीच्या धुकट भागाचा वर्णपट घेऊन तिथे खरेखुरे तारे आहेत, तेही क्वेसारच्याच अंतरावर, हे दाखवलं. त्यानंतर शंका बरीच कमी झाली. पण प्रत्येक तेजस्वी क्वेसारला घर असतं का, हा प्रश्न उरलाच.

हबल दुर्बीण आल्यावर उत्तर सहज मिळेल असं वाटलं होतं. झालं उलटंच. जॉन बाकॉल आणि सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकाच्या मध्यात आठ तेजस्वी क्वेसारांचे फोटो तपासले, तर काहींभोवती अपेक्षेएवढी उजळ दीर्घिका सापडेना. ‘उघडे क्वेसार’ अशी चर्चा सुरू झाली. म्हणजे कृष्णविवर आहे पण घरच नाही!

इथे थोडं थांबूया, कारण खरी गंमत प्रोसेसिंगमध्ये आहे. पद्धत सोपी वाटते. एखाद्या साध्या ताऱ्याचा त्याच कॅमेऱ्याने फोटो घ्यायचा. तारा म्हणजे निव्वळ ठिपका, त्यामुळे कॅमेरा ठिपक्याला कसा पसरवतो ते त्यात दिसतं. मग तो फोटो योग्य गुणकाने मोठा करून क्वेसारच्या फोटोतून वजा करायचा. उरेल ती दीर्घिका. पण ‘योग्य’ गुणक कोणता? मी एका शनिवारी पायथॉनमध्ये खोटा क्वेसार आणि त्याखाली खोटी दीर्घिका बनवून हे करून पाहिलं. गुणक जरा वाढवला की दीर्घिकेचा मधला भागच वजा होऊन जायचा, कमी केला की नसलेला गाभा उगवायचा. कोड तोच, इनपुट तेच. माझ्याकडे खरं उत्तर आधीपासून होतं म्हणून मला हे कळत तरी होतं. खऱ्या आकाशात उत्तराची फाइल कुणी देत नाही. त्यात गुळगुळीत, कडा नसलेली दीर्घिका सर्वात फसवी, कारण तिचा आकार आणि चकाकीचा आकार दिसायला सारखेच.

पुढे त्याच हबलच्या फोटोंवर जास्त काळजीपूर्वक काम झालं. 1997 मध्ये बाकॉल यांच्याच गटाने 20 जवळच्या क्वेसारांचा निकाल मांडला आणि त्यातल्या बहुतेकांच्या दीर्घिका सापडल्या. 3सी 273 ची निघाली लंबवर्तुळाकार, किंचित चपटी. तोच गुळगुळीत प्रकार. ‘उघडे क्वेसार’ ही चर्चा मग बरीच थंडावली. आधी जे म्हटलं त्याच्या उलट निकाल त्याच लोकांनी छापला, याचं मला फार कौतुक वाटतं.

आता नवं कोडं. लंबवर्तुळाकार दीर्घिका म्हणजे बहुतेक म्हातारे तारे आणि थोडाच थंड वायू. 2018 मध्ये चिलीतल्या चार मोठ्या दुर्बिणींचा प्रकाश एकत्र करणाऱ्या ग्रॅव्हिटी या उपकरणाने इथल्या कृष्णविवराचं वस्तुमान मोजलं, ते सुमारे 30 कोटी सूर्यांएवढं भरलं. एवढा उजेड पाडायचा तर त्याला दरवर्षी काही सूर्यांएवढा माल गिळावा लागतो. मग अशा घरात हे खाणं येतं कुठून?

यासाठी पुन्हा आडोसा धरावा लागला, यावेळी खराखुरा. हबलच्या एका कॅमेऱ्यात तेजस्वी वस्तू झाकायची पट्टी असते, म्हणजे झगमगाट सेन्सरवर पडण्याआधीच अडतो आणि नंतर वजाबाकीला कमी काम उरतं. अशा फोटोंमध्ये 2003 मध्येच या दीर्घिकेत धुळीच्या रेषा आणि वळणदार आकार दिसले होते, म्हणजे ती वाटली तेवढी शांत नव्हती. डिसेंबर 2024 मध्ये फ्रान्समधल्या नीस इथल्या बिन रेन यांच्या गटाचा निकाल आला. हे एरवी ताऱ्यांभोवतीच्या धुळीच्या चकत्या शोधतात. तेच तंत्र क्वेसारवर वापरून ते आधीपेक्षा आठपट आत शिरले. कृष्णविवरापासून 16,000 प्रकाशवर्षांच्या आत त्यांना लहानमोठे पुंजके आणि इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखी एक तंतुमय रचना दिसली. त्यातले काही पुंजके म्हणजे आत पडणाऱ्या छोट्या दीर्घिका असू शकतात. तसं असेल तर कृष्णविवराचा डबा बाहेरून येतोय.

तुमच्या ओळखीत कुणाकडे 8 ते 10 इंची दुर्बीण असेल तर एप्रिल-मे महिन्यात, चंद्र नसलेल्या रात्री, शहरापासून लांब जाऊन 3सी 273 स्वतः बघता येतो. कन्या राशीचा चांगला नकाशा सोबत ठेवा, कारण आजूबाजूच्या ताऱ्यांतून तो वेगळा ओळखू येत नाही. दिसेल तो फक्त एक फिकट ठिपका. दीर्घिका मात्र हबलवाल्यांकडूनच बघावी लागेल.