थेट रहस्य, धूसर ठसे

गोंदिया : चूक झाली तरी ‘कट’ नाही. झाडीपट्टीच्या रंगभूमीला हे नवे नाही. मात्र दूरचित्रवाणीच्या बाल्यावस्थेत अमेरिकेतील रहस्यमालिकाही अशाच थेट सादर होत. सीबीएसवरील ‘सस्पेन्स’ (१९४९-५४) आणि ‘डेंजर’ (१९५०-५५) यांत दर भागात नवी कथा असे आणि ती अर्ध्या तासात संपवावीच लागे. सिडनी ल्युमेट यांच्यासारखे दिग्दर्शक ‘डेंजर’मध्येच घडले. व्यवहारात वापरता येईल अशी चित्रफीत १९५६ मध्ये आली. तोवर पडद्यावरील दृश्य फिल्म कॅमेऱ्याने टिपणे, एवढाच जतनाचा मार्ग होता. साहजिकच अनेक प्रयोग कायमचे हरपले. उरल्या त्या धूसर प्रती. झाडीपट्टीत रात्रभर रंगणाऱ्या त्या काळच्या नाटकांना तर तेवढेही भाग्य लाभले नाही; ती राहिली प्रेक्षकांच्या आठवणीत.