आम्स्टलवेन : एका डच नगरपालिकेची शासनरचना

नेदरलँड्समधील आधुनिक स्थानिक स्वराज्याचा पाया योहान रुडॉल्फ थॉर्बेके या विधिज्ञ मुत्सद्द्याने घातला. १८४८ मधील घटनादुरुस्तीनंतर त्याच्या पुढाकाराने १८५१ साली नगरपालिका कायदा संमत झाला आणि शहर व खेडे यांतील कायदेशीर भेद संपुष्टात आला. महानगरपालिका, नगरपालिका, ग्रामपंचायत अशी प्रतवारी त्या देशात नाही. अ‍ॅमस्टरडॅमला जो कायदा लागू होतो, तोच लहानशा गावालाही. प्रस्तुत लेखात या रचनेचा विचार आम्स्टलवेन या नगरपालिकेच्या आधारे केला आहे. अ‍ॅमस्टरडॅमच्या दक्षिणेस वसलेल्या, ९० हजारांहून अधिक लोकसंख्येच्या या नगरात भारतीयांची वस्ती लक्षणीय असून तीत मराठी कुटुंबेही आहेत. त्यांच्या दृष्टीने हा विषय केवळ अभ्यासाचा नाही.

थोरल्या शेजाऱ्याची छाया या नगरावर पूर्वापार आहे. १९६४ पर्यंत त्याचे नाव न्यूवर-आम्स्टल असे होते. १८९६ साली अ‍ॅमस्टरडॅमने त्याचा उत्तरेकडील भाग आपल्या हद्दीत घेतला. त्यात काही वर्षांपूर्वीच बांधलेली नगरपालिकेची नवी इमारतही गेली आणि पुढे दीर्घकाळ तेथे अ‍ॅमस्टरडॅमचे दप्तरखाने होते. राजधानीच्या कुशीत राहूनही वेगळेपण टिकविणे हा येथील कारभाराचा तेव्हापासूनचा प्रश्न आहे.

नागरिक मतदानाने केवळ एकच संस्था निवडतात, ती म्हणजे नगरपरिषद. सदस्यसंख्या लोकसंख्येनुसार कायद्याने ठरते. किमान ९ व कमाल ४५. आम्स्टलवेनच्या परिषदेत ३७ सदस्य आहेत. निवडणूक दर चार वर्षांनी प्रमाणशीर पद्धतीने होते. प्रभाग नसतात, संपूर्ण नगर हाच एक मतदारसंघ असतो. परिणामी एकाच पक्षाला बहुमत मिळणे दुर्मीळ ठरते आणि निवडणुकीनंतर आघाडीच्या वाटाघाटी अटळ होतात. या वाटाघाटींतून 'वेटहाउडर' म्हणजे खातेप्रमुख निवडले जातात. ते आणि बुर्गेमेस्टर (नगराध्यक्ष) मिळून कार्यकारी मंडळ बनते.

२००२ पूर्वी वेटहाउडर हे परिषदेचेच सदस्य असत; म्हणजे ज्यांच्यावर देखरेख ठेवायची, तेच देखरेख करणाऱ्यांत बसत. त्या वर्षीच्या कायद्याने हे दोन अधिकार अलग केले. वेटहाउडर झालेल्यास परिषदेचे सदस्यत्व सोडावे लागते आणि परिषदेबाहेरील व्यक्तीचीही नेमणूक होऊ शकते. परिषदेला 'ग्रिफिअर' हा स्वतःचा सचिव मिळाला. हा बदल वरवर तांत्रिक वाटतो. परंतु कार्यकारी मंडळाच्या अखत्यारीतील प्रशासनावर सर्वस्वी विसंबून राहणाऱ्या परिषदेची देखरेख नाममात्रच राहते, हे कोणत्याही स्थानिक संस्थेच्या अभ्यासकास ठाऊक असते.

परकीय वाचकास सर्वाधिक चकित करते ते बुर्गेमेस्टरचे पद. ही व्यक्ती परिषदेची व कार्यकारी मंडळाची अध्यक्ष असते, सार्वजनिक सुव्यवस्थेची जबाबदारी तिच्याकडे असते. परंतु जनता तिला निवडत नाही. पद रिक्त झाले की अर्ज मागविले जातात. परिषदेची एक समिती बंद दाराआड उमेदवारांच्या मुलाखती घेते, परिषद शिफारस करते आणि राजाज्ञेने सहा वर्षांसाठी नेमणूक होते. परिषदेची शिफारस सहसा डावलली जात नाही. म्हणजे निवड प्रत्यक्षात लोकप्रतिनिधीच करतात. पण आणखी कोण इच्छुक होते, हे मतदारास कळत नाही. प्रत्यक्ष निवडणुकीचा मार्ग मोकळा करणारी घटनादुरुस्ती २००५ साली वरिष्ठ सभागृहात अडली. २०१८ मध्ये राजाज्ञेने नेमणुकीची तरतूद घटनेतून वगळण्यात आली, तथापि कायदा मात्र तसाच राहिला. पक्षातीत बुर्गेमेस्टर आघाड्यांच्या चढाओढीत समतोल राखतो, हे समर्थकांचे म्हणणे निराधार नाही. गुप्ततेची किंमत मात्र त्यात धरली जात नाही.

आर्थिक बाजू थोडक्यात पाहू. मालमत्ता कर हे नगरपालिकेचे स्वतःचे साधन असले, तरी उत्पन्नाचा मोठा भाग केंद्र शासनाकडून येतो. २०१५ पासून युवक-संगोपन, रोजगार साहाय्य आणि वृद्ध-अपंगांची घरगुती शुश्रूषा यांचा मोठा भार नगरपालिकांवर आला. वाढत्या कामांपुढे लहान नगरपालिकांचे विलीनीकरण होत गेले. १८५१ च्या सुमारास बाराशेच्या आसपास असलेली त्यांची संख्या २०२३ मध्ये ३४२ होती. आम्स्टलवेन व शेजारचे आल्समेर यांनी २०१३ साली निराळी वाट धरली. परिषदा, बुर्गेमेस्टर व अंदाजपत्रके दोन ठेवून कर्मचारीवर्ग तेवढा एकत्र केला. एकाच अधिकाऱ्याने दोन परिषदांना सल्ला द्यावा, हा प्रयोग काटकसरीचा खरा. पण दोन्ही परिषदांचे हित परस्परविरोधी असेल तेव्हा तो अवघड ठरणारच.

आता मताधिकाराविषयी. १९८३ च्या घटनेने परकीय नागरिकांना नगरपालिकेत मत देण्याची वाट खुली केली आणि १९८६ पासून ते मतदान करू लागले. युरोपीय संघाबाहेरील व्यक्तीला पाच वर्षांचे सलग कायदेशीर वास्तव्य आवश्यक असते. संसदेसाठी तिला मत नाही. नगरपरिषदेसाठी मात्र मत आहे आणि उमेदवारीही करता येते. वेगळी नावनोंदणी करावी लागत नाही. रहिवासी नोंदवहीतील पत्त्यावर मतदानपत्र टपालाने येते. भारतीय पारपत्र बाळगणारा आम्स्टलवेनमधील अभियंता अशा रीतीने, डच नागरिकत्व न घेता, आपल्या मुलाच्या शाळेलगतच्या रस्त्याचा आणि घराच्या मालमत्ता कराचा निर्णय करणाऱ्यांना निवडू शकतो. अडचण दोन ठिकाणी येते. परिषदेची चर्चा डच भाषेत चालते; आणि नोकरीनिमित्त आलेल्या अनेकांचा मुक्काम पाच वर्षे भरण्याआधीच हलतो.