तोडले तरी झाड जगते?

झाड तोडले म्हणजे ते मेले, असे आपण मुलांना सांगतो. पण आपल्या नदीकाठच्या वाळुंजाचे भाऊबंद असलेले विलो वृक्ष युरोपात शतकानुशतके सरपणासाठी तोडले जातात, तरी जगतात. हे कसे?

पानगळीनंतर खोड जमिनीलगत कापतात. तेव्हा मुळांत पिष्टमय अन्न साठलेले असते. शेंड्याकडून येणारे ऑक्सिन हे संप्रेरक थांबते, सालीखालचे सुप्त डोळे जागे होतात आणि वसंतात धुमारे फुटतात. ३ ते ५ वर्षांत ते सरपणाजोगे होतात. ओल्या लाकडात सुमारे निम्मे वजन पाण्याचेच. म्हणून ते वर्षभर वाळवतात.

मात्र कोवळे धुमारे गुरांनी पुन्हापुन्हा खाल्ले, तर साठा संपतो आणि झाड खरोखरच मरते. म्हणजे कुऱ्हाडीइतकीच राखणही महत्त्वाची! शाळेजवळ तोडलेल्या सुबाभळीचा बुंधा मुलांना दाखवा आणि विचारा: धुमारे नेमके कोठून फुटले?