कुरणाची कापणी आणि लहान ट्रॅक्टरचा गिअर

भाद्रपद सरत आला की माळावरील पवना आणि मारवेल फुलोऱ्यावर येतात. गवताचा कस या वेळी चांगला असतो. पुढे बी पक्व होऊन गळू लागले की पाने वाळतात, काड्या राठ होतात आणि तेच गवत जनावर नाइलाजाने खाते. कुसळीचे तर बोलावयासच नको. तिची कुसळे टणक होण्यापूर्वी ती कापली गेली नाही, तर ती जनावरांच्या तोंडात रुततात. म्हणजे कापणीस योग्य असा अवधी थोड्या आठवड्यांचा, आणि नेमक्या याच अवधीत गावातील मजूर सोयाबीन व भाताच्या काढणीत गुंतलेले असतात. म्हणून द्राक्षांच्या वा डाळिंबाच्या बागेसाठी घेतलेला वीस-पंचवीस अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टर आता पुष्कळ ठिकाणी कुरणातही उतरविला जातो.

तो उतरविल्यावर पहिल्या दिवशी बहुधा एकच तक्रार ऐकू येते. गवत नीट कापले जात नाही. काही आडवे पडते, काही फाटते, मधूनमधून शेंड्या उभ्याच राहतात. मग पाती काढून घासली जातात, क्वचित नवीही आणली जातात. बोथट पात्यांनी असे होते हे खरेच. परंतु पाती धारदार असूनही तसेच घडत असेल, तर दोष बहुतेक वेळा चालकाने निवडलेल्या गिअरमध्ये असतो.

याचे कारण समजून घेण्यासाठी ट्रॅक्टरच्या मागील फिरत्या दांड्याकडे, म्हणजे पी.टी.ओ.कडे पाहिले पाहिजे. कापणीयंत्राची पाती या दांड्यावर चालतात. दांड्याचा वेग केवळ इंजिनाच्या वेगावर ठरतो. गिअर पहिला असो वा चौथा, दांड्यास त्याचे सोयरसुतक नसते. चाकांचा वेग मात्र इंजिन आणि गिअर या दोहोंवर ठरतो. बहुतेक कापणीयंत्रे दांड्याच्या मिनिटास ५४० फेऱ्यांसाठी बनविलेली असतात. तेवढे फेरे मिळण्यास इंजिन किती वेगाने चालवावे, हे ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते आणि बऱ्याच ट्रॅक्टरांत वेगदर्शक तबकडीवर तशी खूणही असते. कापणी चालू असेतो इंजिनाचा काटा त्या खुणेवर राहिला पाहिजे. पुढे जाण्याचा वेग कमीअधिक करावयाचा तो गिअर बदलून, ॲक्सिलरेटर कमी करून नव्हे.

चालक नेमके याच्या उलट करतो. जमीन खडबडीत आहे, सावकाश जावे, असा विचार करून तो ॲक्सिलरेटर खाली घेतो. हेतू चांगला, परंतु परिणाम वाईट. दांडा ५४० फेऱ्यांनी फिरत असताना ट्रॅक्टर ताशी ४ किलोमीटर चालला, तर एका मिनिटात तो सुमारे ६७ मीटर जातो. म्हणजे प्रत्येक मीटरमागे दांड्याचे आठ फेरे पडतात. आता त्याच गिअरमध्ये इंजिनाचा वेग पाऊणपट केला, तर ट्रॅक्टर ताशी ३ किलोमीटर जाईल, पण दांडाही ४०५ फेऱ्यांवर येईल. मीटरमागे फेरे पुन्हा आठच! कापणी दाट झाली नाही. उलट पात्याचा फटका मात्र मंदावला. स्लॅशरचे गोल फिरणारे पाते कात्रीसारखे कापीत नाही, ते वेगाच्या जोरावर काडी तोडते. फटका मंद झाला की काडी तुटण्याऐवजी वाकते. याउलट इंजिन ५४० च्या खुणेवर ठेवून खालचा गिअर घातला आणि वेग ताशी ३ किलोमीटरवर आणला, तर मीटरमागे जवळजवळ अकरा फेरे मिळतात आणि फटक्याचा जोरही पूर्ण राहतो.

दोन्ही बाजूंस सरकणाऱ्या पात्यांची पट्टी, म्हणजे कटर बार, असेल तरी नियम हाच. मात्र तेथे गिअर मोठा झाल्याची खूण वेगळी दिसते: बोटांपुढे गवत साचते, पट्टी अडते आणि मागे न कापलेल्या गवताच्या रेघा राहतात. गवत वाळवून गंजी रचावयाची असेल तर कटर बारच बरा, कारण तो काडी बुडाशी कापून अखंड पाडतो. स्लॅशर गवताचे तुकडे करतो. ते गोळा करताना बरेच वाया जातात. झुडुपे व जून गवत साफ करण्यास तो उत्तम. वैरणीसाठी तो नाइलाजाचा उपाय समजावा.

‘दुसरा गिअर घाला’ असे सरसकट सांगता येत नाही. कोणत्या ट्रॅक्टरास पुढे जाण्याचे सहा गिअर असतात, कोणास आठ वा नऊ. शिवाय मंद व जलद अशा दोन श्रेणींची वेगळी दांडी असते. एकाचा दुसरा गिअर दुसऱ्याच्या चौथ्यासारखा चालतो. म्हणून गिअरच्या क्रमांकापेक्षा ट्रॅक्टरचा वेग मोजणे शहाणपणाचे. हे काम गावपातळीवरील कार्यकर्त्याने दोन खुंट्या, एक दोरी आणि मनगटावरील घड्याळ यांच्या साहाय्याने शेतकऱ्यांसमोर करून दाखवावे. ५० मीटर अंतरावर दोन खुंट्या ठोकाव्यात. इंजिन ५४० च्या खुणेवर आणून एकेका गिअरमध्ये ट्रॅक्टर त्यांमधून न्यावा. हे अंतर ६० सेकंदांत कापले तर वेग ताशी ३ किलोमीटर, ४५ सेकंदांत ४, आणि ३६ सेकंदांत ५ किलोमीटर होतो. खडे व उंचवटे असलेल्या माळावर या तिहींतीलच एखादा वेग पुरतो. गवत विरळ व जमीन सपाट असल्यास ५, दाट व ओल्या गवतास ३. नाल्याकाठच्या पट्ट्यात गवत माजलेले असते. तेथे शिरण्यापूर्वीच एक गिअर उतरावा. इंजिन घोगरे होऊन धुराचा काळा लोट सुटू लागला आणि काटा खुणेखाली आला, म्हणजे वेळ टळत चालली असे समजावे. सकाळी दव असताना गवत जड असते. दव उडून गेल्यावर काम धरले तर तोच ट्रॅक्टर वरचा एक गिअर सहज पेलतो.

मंद चालण्याने दिवस वाया जाईल, ही भीती फारशी खरी नाही. सव्वा मीटर रुंदीचे यंत्र ताशी ४ किलोमीटर चालले, तर वळणे व पट्ट्यांची एकमेकांवरील सरक वजा जाता तासात सुमारे एक एकर उरकते. घाईने पुन्हा फिरवावा लागलेला पट्टा याहून महाग पडतो.

लहान ट्रॅक्टरांत कधीकधी पी.टी.ओ.चे एकाहून अधिक वेग असतात, त्यासाठी निराळी दांडी असते. ५४० फेऱ्यांचे यंत्र त्याहून जलद वेगावर जोडल्यास पाती वा पेटी फुटण्याचा धोका आहे. काही ट्रॅक्टरांत दांडा चाकांच्या चालीशी बांधण्याचीही सोय असते. तो प्रकार कापणीस उपयोगी नाही, कारण चाके मंदावली की पातीही मंदावतात.

उतारावर गिअरचा प्रश्न केवळ कापणीचा राहत नाही, जिवाचा होतो. ज्या गिअरमध्ये ट्रॅक्टर तो उतार चढू शकेल, त्याच गिअरमध्ये उतरावे आणि तो गिअर माथ्यावर, सपाटीवर असतानाच घालावा. उतारावर गिअर बदलू नये, क्लच दाबू नये. न्यूट्रल तर मुळीच करू नये. क्लच दाबताच इंजिनाचा अडसर सुटतो आणि ट्रॅक्टर मोकळा धावू लागतो. एकच क्लच असलेल्या जुन्या ट्रॅक्टरांत आणखी एक फसगत आहे. क्लच दाबला तरी स्लॅशरची जड पाती आपल्याच भारंभार वेगाने फिरत राहतात, आणि तो वेग दांड्यातून गिअरपेटीत परतून चाकांना पुढे ढकलतो. बांधाशी थांबावयास गेलेला ट्रॅक्टर बांधावर चढतो तो असा. यासाठी दांड्यावर एकाच दिशेने ओढ देणारा जोड बसविलेला मिळतो. जुन्या ट्रॅक्टरावर स्लॅशर लावणाराने तो अवश्य बसवावा.

अरुंद चाकोरीचा ट्रॅक्टर आडव्या उतारावर लवकर कलंडतो. कापणी उताराच्या दिशेने वरखाली करावी, दोन्ही ब्रेक एकत्र जोडलेले असावेत आणि चालकावरील संरक्षक कमान काढून ठेवू नये. कमान उभी असेल तेव्हा आसनपट्टा बांधलेलाच असावा. मागे जड यंत्र असताना चढावर पुढील चाके हलकी होतात. पुढे वजन लावले म्हणजे सुकाणू ताब्यात राहते.

कापणीच्या आदल्या दिवशी कुरणातून पायी एक फेरी मारावी. दगड, वारुळे, जुन्या तारेचे तुकडे गवतात दिसत नाहीत; पात्याने उडालेला खडा दूरवर उभ्या असलेल्या माणसास जखमी करतो. गुराख्यांस व मुलांस त्या बाजूस येऊ देऊ नये. दगडांच्या जागी काठी रोवून फडके बांधावे. पात्यांची उंची जमिनीपासून आठ-दहा सेंटिमीटर ठेवावी, म्हणजे गवताचे ठोंब शाबूत राहून पुढील पावसात चांगले फुटतात. कामास आरंभ करताना पी.टी.ओ. इंजिन मंद असतानाच जोडावा, मग वेग खुणेपर्यंत चढवावा, आणि त्यानंतरच गवतात शिरावे. पाती अडकल्यास इंजिन बंद करून किल्ली काढावी व पाती पूर्ण थांबल्यावरच हात घालावा.

खुंट्यांमधील मोजणी झाल्यावर गिअर, श्रेणी आणि लागलेले सेकंद ट्रॅक्टरच्या मडगार्डवर आतील बाजूस रंगाने लिहून ठेवावे. पुढील वर्षी चालक नवा असला तरी त्यास हा हिशेब तयार मिळतो.